दोन आकड्यांचा एक आकडा : चष्म्याच्या नंबराची एक जुनी तडजोड

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या माणसाने चष्म्याच्या दुकानात काय म्हणून शिरावं? तर आम्ही गेली साठ वर्षं चष्मा लावतो, आणि त्यातली पहिली सात वर्षं आम्ही चुकीचा चष्मा लावला. नेमकं बोलायचं तर चुकीचा नव्हे, ‘सरासरीचा’. सरासरी आणि चूक यांच्यातला फरक काय, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मागे आहे. त्याची गोष्ट शेवटी सांगू. आधी इतिहास.

तुमच्यापैकी कुणाच्या खिशात नंबराचा कागद असेल तर काढून बघा. एका डोळ्यापुढे बहुधा तीन खाने असतील. पहिला स्फेरिकल, म्हणजे गोल नंबर. दुसरा सिलिंड्रिकल. तिसरा ॲक्सिस, म्हणजे अक्षाचे अंश. ज्यांचा दुसरा खाना रिकामा, ते सुखी. ज्यांचा भरलेला, त्यांचा डोळा सगळ्या दिशांना सारखा वाकलेला नाही. चेंडू आणि अंडं यांत जो फरक, तसाच काहीसा. उभ्या दिशेने येणारे किरण एका अंतरावर एकत्र येतात, आडव्या दिशेने येणारे दुसऱ्या. यालाच ॲस्टिग्मॅटिझम म्हणतात.

आता तडजोड. समजा कागदावर लिहिलं आहे : उणे २.००, सिलिंडर उणे १.००, अक्ष १८०. काही कारणाने सिलिंडरची काच देता येत नाही. मग काय करतात? सिलिंडरचा निम्मा आकडा गोल नंबरात मिळवतात. उणे २.०० आणि उणे ०.५०, झाले उणे २.५०. अक्ष सोडून द्यायचा. तीन आकड्यांचा एक आकडा झाला. याला स्फेरिकल इक्विव्हॅलंट म्हणतात, आपण ‘समतुल्य गोल नंबर’ म्हणू. तिसरीतल्या मुलाला येईल असं हे गणित. पण ‘निम्माच का?’ हे विचारलं की त्याच्यामागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास उभा राहतो.

तो सुरू होतो लंडनमध्ये, २७ नोव्हेंबर १८०० या दिवशी. टॉमस यंग नावाचे सत्तावीस वर्षांचे डॉक्टर रॉयल सोसायटीपुढे डोळ्याच्या यंत्रणेवर व्याख्यान देत होते. हेच ते प्रकाशाच्या लहरींचे यंग, आणि इजिप्तच्या चित्रलिपीच्या वाचनात हात घालणारेही हेच. त्यांनी पोर्टरफील्ड यांचं जुनं डोळा मोजायचं साधन सुधारून घेतलं होतं आणि ते स्वतःच्याच डोळ्याला लावलं. आढळलं असं, की त्यांचा डोळा विश्रांत असताना उभ्या दिशेने पसरणारे किरण दहा इंचांवरच्या वस्तूपासून आले तर नीट एकत्र येतात, आणि आडव्या दिशेने पसरणारे सात इंचांवरून. एकाच डोळ्याची दोन वेगळी अंतरं!

इथे दोन गोष्टी आम्हाला फार आवडतात. एक म्हणजे, या दोषामुळे आपल्याला कधी त्रास झाला नाही आणि मोजेपर्यंत तो आहे हेही कळलं नव्हतं, असं यंग यांनी स्वतःच नोंदवलं आहे. दुसरी म्हणजे केरी नावाच्या उपकरणं बनवणाऱ्याची साक्ष. यंग त्याला हे सांगायला गेले, तर तो म्हणाला, आम्ही हे पाहिलेलं आहे. लांबचं न दिसणारी कितीतरी गिऱ्हाइकं काच तिरपी धरतात, तेव्हा त्यांना नीट दिसतं. म्हणजे शास्त्रज्ञाला जे नवीन, ते दुकानदाराला रोजचं. काच तिरपी केली की ती एका दिशेने जास्त काम करते, म्हणजे थोडीशी सिलिंडरच होते. गिऱ्हाइकाने विद्वानांच्या आधीच स्वतःचा इलाज शोधून काढला होता.

यंग यांनी आणखी एक प्रयोग केला. एका लहान नळीला पुढे भिंग बसवून तिच्यात पाणी भरलं आणि ती डोळ्याला लावली. पाण्यामुळे डोळ्याच्या बाहेरच्या पारदर्शक पडद्याची शक्ती जवळजवळ नाहीशी होते. तरीही दोन अंतरांमधला फरक राहिलाच. त्यावरून त्यांनी ठरवलं की त्यांच्या बाबतीत दोष आतल्या नैसर्गिक भिंगात आहे. स्वतःच्या डोळ्यावर पाण्याची नळी लावून बसलेला हा माणूस डोळ्यांपुढे आणा. पुढे मात्र ते गेले नाहीत. चष्मा काही त्यांनी करवून घेतला नाही. ज्याला त्रासच नाही तो चष्मा कशाला करेल?

चष्मा करवून घेतला जॉर्ज बिडेल एअरी यांनी. हे पुढे इंग्लंडचे राजखगोलज्ञ झाले. पण १८२५ साली ते केंब्रिजमधले तेवीस-चोवीस वर्षांचे तरुण होते. त्यांच्या लक्षात आलं की वाचताना आपला डावा डोळा कामच करत नाही. चालू डोळा एवढा चांगला असतो की बंद पडलेल्याची चौकशी होत नाही, हे घरातल्या माणसांबाबतही खरं आहे, असो. एअरींनी कार्डाला टाचणीने भोक पाडलं आणि त्यातून येणारा प्रकाशबिंदू डाव्या डोळ्याने पाहिला. बिंदू दिसेचना. एका अंतरावर त्याची एका दिशेची रेघ व्हायची, दुसऱ्या अंतरावर तिला काटकोनात असलेली दुसरी रेघ. ती अंतरं होती साडेतीन इंच आणि सहा इंच. त्यांनी गणित मांडलं आणि इप्सविचच्या फुलर नावाच्या कारागिराकडून काच घासून घेतली, एक बाजू गोल खोलगट आणि दुसरी सिलिंडरसारखी खोलगट. फेब्रुवारी १८२५ मध्ये केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे त्यांनी हे वाचलं. दोषाला नाव दिलं केंब्रिजच्याच विल्यम व्ह्यूएल यांनी. ग्रीकमध्ये ‘स्टिग्मा’ म्हणजे बिंदू, ‘अ’ म्हणजे नाही. आपल्या संस्कृतसारखाच तो अ. ज्याचा बिंदू होत नाही असा.

आता आपण एअरींचे दोन आकडे घेऊन बसू, कारण ‘सरासरी’ या शब्दातली खोच इथे दिसते. साडेतीन आणि सहा. समजा फुलरने सांगितलं असतं, साहेब, सिलिंडर घासणं मला जमत नाही, एकच गोल काच देतो. कुठल्या अंतराची द्यायची? आपण पटकन म्हणू, दोहोंच्या मध्ये, पावणेपाच इंच. आणि आपण चुकू. कारण भिंगांची अंतरं बेरजेला येत नाहीत, त्यांच्या शक्ती येतात. शक्ती म्हणजे अंतराचा व्यस्तांक. साडेतीन इंचांची शक्ती आजच्या मापात सुमारे ११.२५ डायॉप्टर, सहा इंचांची सुमारे ६.५५. त्यांचा मध्य ८.९, आणि ८.९ डायॉप्टरचं अंतर येतं ४.४ इंच. पावणेपाच इंचांची शक्ती ८.३ एवढीच. म्हणजे ‘मध्य’ असं म्हणून दोन शहाणी माणसं दोन वेगळ्या काचा करतील, आणि त्यांच्यातला फरक अर्ध्या डायॉप्टरहून जास्त असेल. सरासरी काढण्याआधी कशाची सरासरी हे विचारावं लागतं. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात हाच मुद्दा आहे. दहा जास्त आणि दोन कमी, म्हणून सहा घ्यावे, हा झाला अंकगणितातला मध्य. पण मायलो पहिलवानाच्या ताटात किती वाढायचं ते या सहावरून ठरत नाही. हे उदाहरण आम्ही वर्गात तीस वर्षं दिलं, आणि चष्मा नाकावर असूनही त्याचा चष्म्याशी संबंध आमच्या ध्यानात आला तो निवृत्तीनंतर.

डायॉप्टर हे माप एअरींच्या वेळी नव्हतं. काचा इंचात ओळखल्या जायच्या, आणि पॅरिसचा इंच लंडनच्या इंचाहून मोठा. फ्रान्सच्या मोनॉये यांनी १८७२ साली सुचवलं की ज्या भिंगाचं अंतर एक मीटर त्याची शक्ती एक डायॉप्टर म्हणावी. दोन मीटरचं अर्धा, अर्ध्या मीटरचं दोन. दिसायला नुसता मापाचा बदल. पण त्यामुळे नंबर बेरजेला आले, आणि ‘सिलिंडरचा निम्मा गोलात मिळवा’ हे वाक्य उच्चारता येऊ लागलं. इंचाच्या जमान्यात ते वाक्य मुळात बनतच नव्हतं.

पण मध्यच का? एअरींना दिसलेल्या त्या दोन रेघांच्या मध्ये काय होतं ते पाहा. हे गणित स्टुर्म यांचं. जन्म जिनिव्हाचा, काम पॅरिसमध्ये. १८३८ साली त्यांनी अशा किरणांचा आकार मांडला. बिंदूपासून निघालेले किरण पहिल्या जागी रेघ होतात. तिथून पुढे ती रेघ फुगत अंडाकृती होते, मग एका जागी नेमकं वर्तुळ होतं, मग दुसऱ्या दिशेने लांबट, आणि शेवटी आडवी असेल तर उभी, उभी असेल तर आडवी रेघ. मधलं ते वर्तुळ म्हणजे किमान गोंधळाचं वर्तुळ. तिथेही बिंदू काही बिंदू होत नाही, पण तो कुठल्याच एका दिशेला ओढलाही जात नाही. आणि हे वर्तुळ डायॉप्टरच्या मापात दोन रेघांच्या बरोबर मधोमध पडतं. समतुल्य गोल नंबर म्हणजे हे वर्तुळ उचलून डोळ्याच्या पडद्यावर ठेवणं, एवढंच.

(स्टुर्मबद्दल एक गंमत सांगून पुढे जाऊ. पुढे १८४५ च्या सुमारास त्यांनी असं मांडलं की डोळ्याला जवळ-लांब पाहण्यासाठी भिंगाचा आकार बदलायची गरजच नाही. या दोन रेघांमधल्या पट्ट्यात सगळं पुरेसं स्पष्ट दिसतं. गणित चोख आणि निष्कर्ष साफ चूक. डोळ्याचं भिंग खरोखरच आकार बदलतं. ‘पुरेसं स्पष्ट’ या दोन शब्दांवर एवढी मोठी इमारत बांधली की असं होतं.)

निम्म्यामागे आणखी एक खोल कारण आहे, आणि ते डोळ्याबद्दल नाही, वाकलेल्या पृष्ठभागांबद्दल आहे. ऑयलरने अठराव्या शतकात दाखवलं होतं की पृष्ठभागावरच्या एका ठिकाणी कुठल्याही दोन काटकोनी दिशा घ्या, त्यांच्या वक्रतांची बेरीज तीच येते. त्यामुळे सिलिंडरचा निम्मा मिळवला की जी शक्ती येते ती फक्त दोन टोकांची सरासरी नसते, सगळ्या दिशांची असते. याचा एक पडताळा तुम्ही घरी करा. काही डॉक्टर सिलिंडर उणे चिन्हाने लिहितात, काही अधिक चिन्हाने. आपलं उदाहरण अधिक चिन्हाने लिहिलं तर होतं : उणे ३.००, सिलिंडर अधिक १.००, अक्ष ९०. कागद वेगळा, आकडे वेगळे, अक्षसुद्धा वेगळा. निम्मा मिळवा : उणे २.५०. तोच. लिहिण्याची पद्धत बदलली तरी जे बदलत नाही ते काहीतरी खरं असावं, अशी आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांची जुनी श्रद्धा आहे.

या बदलत नसण्याचा उपयोग करणारं एक साधन तुम्ही सर्वांनी पाहिलंय, नाव माहीत नसेल. डॉक्टर एक छोटी दांडीवाली काच डोळ्यापुढे धरतात, उलटी करतात आणि विचारतात, ‘हे बरं की हे बरं?’ ती क्रॉस सिलिंडर. एका दिशेने जितकी अधिक, काटकोनातल्या दिशेने तितकीच उणे. तिचा समतुल्य गोल नंबर शून्य. म्हणून ती कशीही फिरवली तरी ते मधलं वर्तुळ जागेवरून हलत नाही, फक्त लहानमोठं होतं, आणि तुमचं उत्तर खरोखर सिलिंडरबद्दलच असतं. स्टोक्स यांनी १८४९ मध्ये याच जातीचं, दोन सिलिंडर एकमेकांवर फिरवायचं साधन सुचवलं होतं. तपासणीच्या टेबलावर ही काच रुजवली ती अमेरिकेच्या एडवर्ड जॅक्सन यांनी, १८८७ नंतर. थोडक्यात, अक्ष टाकून देणारा आकडा आणि अक्ष अचूक शोधणारी काच, दोघांच्या पोटात गणित एकच.

पण मधल्या काळात प्रश्न पडला होता की हा दोष आहे किती जणांना. यंग, एअरी ही जगावेगळी माणसं. त्यांचे डोळेही जगावेगळे, असं बराच काळ मानलं गेलं. तो समज मोडला उट्रेख्टच्या डाँडर्स यांनी. १८६२ मध्ये त्यांनी ॲस्टिग्मॅटिझमवर लिहिलं आणि १८६४ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ लंडनहून निघाला. थोडा ॲस्टिग्मॅटिझम बहुतेक डोळ्यांत असतो, आणि जास्त असतो तेव्हा सिलिंडरच्या काचेने तो सुधारतो, हे त्यांनी रोगी तपासून, मोजून दाखवलं. ज्यांना तोवर ‘नजरच मंद’ म्हणून सोडून दिलं जायचं, त्यातल्या कित्येकांना नुसती काच हवी होती.

इथे आपल्या विषयातली खरी अडचण सुरू होते. सिलिंडर द्यायला हवा हे कळल्यावरही एक आकड्याची तडजोड मेली नाही. का मरावी? सिलिंडर अर्धा-पाऊण डायॉप्टर असेल तर ती बहुतेकांना चालते. साध्या कॉन्टॅक्ट लेन्स देताना लहान सिलिंडर असाच गोलात मिसळतात. शिबिरांत वाटायचे तयार चष्मे गोलच असतात, आणि गोल काच जिथे त्याच दिवशी हातात मिळते तिथे सिलिंडरची काच मागवावी लागते. ऑक्सफर्डचे भौतिकीचे प्राध्यापक जोशुआ सिल्व्हर यांनी तर द्रव भरलेला चष्मा केला, ज्याचा नंबर लावणारा स्वतःच बदलतो. कल्पना मोठी सुंदर. पण द्रव आत ढकलून काच गोलच फुगते. अक्ष तिच्यात नाही.

तोटा किती होतो तेही पाहू. आपल्या उदाहरणात डोळ्याला एका दिशेने उणे २ हवं होतं, दुसऱ्या दिशेने उणे ३. दिलं उणे २.५०. म्हणजे दोन्हीकडे अर्ध्या-अर्ध्याने चुकलो. उणे २ दिलं असतं तर एक दिशा स्वच्छ, दुसरी पूर्ण एकने चुकलेली. मधला आकडा सर्वात मोठी चूक निम्मी करतो आणि ती सगळ्या दिशांना वाटून टाकतो. पण सिलिंडर तीनचा असेल तर निम्मी चूकही दीड डायॉप्टर. आणि बघा : एकाचा नंबर नुसता उणे २.५०, दुसऱ्याचा उणे १.०० आणि सिलिंडर उणे ३.००. दोघांचा समतुल्य उणे २.५०. रजिस्टरमध्ये दोघं जुळे भाऊ. तीच काच दिली तर पहिल्याला फळा लख्ख दिसेल, दुसऱ्याला नाही.

त्याहून बिकट उदाहरण अधिक १.००, सिलिंडर उणे २.००. निम्मा मिळवा. शून्य! कागदावर या माणसाला नंबरच नाही. ही निव्वळ कल्पना नव्हे. शाळकरी मुलांच्या नजरेच्या पाहण्यांत मायोपिया मोजायची रूढ व्याख्या समतुल्य नंबर उणे ०.५० किंवा त्याहून खाली, अशीच आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीच्या पाहणीतही तीच वापरली. न्यायाने सांगायला हवं की अशा चांगल्या पाहण्यांत सिलिंडर वेगळा मोजतात आणि मुलाला प्रत्यक्ष किती दिसतं तेही नोंदवतात. लोकसंख्येबद्दल बोलताना एक आकडा लागतोच, त्याशिवाय बेरीज कशी करणार? केटले यांनी १८३५ मध्ये ‘सरासरी माणूस’ कल्पिला तोही याच गरजेतून. आमचं भांडण आकड्याशी नाही. सर्वेक्षणासाठी काढलेला आकडा मुलाच्या नाकावर बसवण्याशी आहे. १९९७ मध्ये थिबोस, व्हीलर आणि हॉर्नर यांनी नंबर तीन घटकांत लिहायची पद्धत पुढे आणली : एक समतुल्य गोल, आणि दोन घटक सिलिंडरसाठी. त्यात तिन्हींची सरासरी काढता येते, काही टाकावं लागत नाही. गणिताची सबब तेव्हा संपली. किमतीची अजून आहे.

आता आमची गोष्ट. सातवीत असताना नजर तपासली गेली. जिल्ह्याच्या गावच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं : उजवा उणे १.००, सिलिंडर उणे १.५०, डावा उणे ०.७५, सिलिंडर उणे २.००, दोन्हींचा अक्ष १८०. तो कागद वडिलांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला होता, म्हणून आकडे सांगता येतात. तालुक्याचा चष्मेवाला म्हणाला, सिलिंडरची काच पुण्याहून येईल, महिना लागेल, पैसेही दुप्पट. वडिलांनी विचारलं, दुसरं काही? त्याने पेन्सिलीने निम्मं-निम्मं मिळवलं. दोन्ही डोळे उणे १.७५. दोन्ही सारखे आले म्हणून वडिलांना उलट बरंच वाटलं. चष्मेवाल्याने फसवलं नाही. त्याचं गणित स्टुर्म आणि ऑयलर दोघांनीही पास केलं असतं.

डोळ्यावर काय झालं? एका दिशेची प्रतिमा पडद्याच्या पुढे, दुसरीची मागे. लहान मुलाचा डोळा जोर लावून मागची प्रतिमा पडद्यावर आणतो. आमच्या अक्षात ती उभ्या रेघांची होती. म्हणजे काना स्वच्छ आणि शिरोरेषा पुसट. आता तुम्ही सांगा, देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यात फरक कशाचा? ‘म’ आणि ‘भ’ यांच्यात? शिरोरेषा तुटली आहे की नाही, एवढाच तर मोठा फरक. रेषाच पुसट, मग तिची फट कुठून दिसणार! आम्ही फळ्यावरचं ‘धन’ उतरवताना ‘घन’ लिहायचो, गणिताच्या तासाला त्याने व्हायचं ते व्हायचं, आणि दुपारी डोकं दुखायचं. मास्तरांनी आमच्या वडिलांना सांगितलं, मुलगा हुशार आहे पण धांदरट. चष्मा तर आहे, मग दिसत नाही असं कोण म्हणेल? आम्हीही म्हटलं नाही. यंग यांच्यासारखंच, मोजेपर्यंत आम्हाला ठाऊकच नव्हतं.

एकोणिसाव्या वर्षी कॉलेजसाठी पुण्यात आलो, तिथे पुन्हा तपासणी झाली आणि पूर्ण नंबराचा चष्मा मिळाला. दुकानातून बाहेर पडलो तर रस्ता एका बाजूला उतरता, जिन्याची पायरी वाकडी. पहिला सिलिंडर लागला की काही दिवस असं होतं; मेंदू वाकड्या जगाला सरळ मानून बसलेला असतो. दुकानदार म्हणाला, आठ दिवस काढा. आम्ही लकडी पुलाच्या कठड्याला धरून उभे राहिलो आणि समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचत सुटलो. एकेका शब्दावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, शिरोरेषा होती. वेळ झाली आहे, प्रश्न असतील तर घेऊ.